डब्यातल्या काळ्या सोंगट्या

आमच्या क्लबात उंदीर शिरला तेव्हा सेक्रेटरींनी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली होती. बाहेरच्या फळ्यावर रीतसर नोटीस लागली. विषय पहिला, मागील सभेचा वृत्तांत वाचून कायम करणे. विषय दुसरा, उंदीर. सभेत पिंजरा की मांजर यावर दोन तट पडले, गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, आणि ती पुन्हा भरेपर्यंत उंदराने पावडरीचा डबा उपडा करून, स्ट्रायकरची थैली कुरतडून, स्वखुशीने क्लब सोडला. सेक्रेटरींनी त्याच्या जाण्याचीही नोंद करून घेतली. "विषय निकाली निघाला," ते म्हणाले. "पण सभा झाली, हे महत्त्वाचं."

क्लब म्हणजे घाटकोपरला भटवाडीत, चाळीच्या पाण्याच्या टाकीमागची एक खोली. दोन कॅरम बोर्ड, त्यांच्यावर पत्र्याच्या टोपीखाली लोंबणारे दोन बल्ब, भिंतीला लागून बाकडी आणि कोपऱ्यात सेक्रेटरींचं स्टूल. ते स्टूल हलवलं असतं तर तिसरा बोर्ड मावला असता, पण तसा ठराव मांडायची कुणाची छाती नव्हती. मी त्या वेळी बँकेत कारकून होतो आणि क्लबाचा सहचिटणीस. सहचिटणीस म्हणजे सेक्रेटरी बोलत असताना मान डोलावणारा माणूस.

नाव त्यांना होतं, पण ते रेशनकार्डापुरतं. बाकी सगळ्या भटवाडीला ते सेक्रेटरी. त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो, त्यासुद्धा भाजीवाल्याला सांगायच्या, "आमच्या सेक्रेटरींना गवार चालत नाही." भांडुपला एका रंगाच्या कारखान्यात ते टाइमकीपर होते. दिवसभर कामगारांच्या उशिराची नोंद करून संध्याकाळी ते आमच्या उशिराची नोंद करायला यायचे. पावडर चहाच्या चमच्याने मोजून देत. "बोर्ड खेळायचा आहे, बाळाला न्हाऊ घालायचं नाहीये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि एवढं सगळं करणाऱ्या या माणसाला कॅरम अजिबात येत नसे. त्यांचा स्ट्रायकर सोंगट्या सोडून बाकी सगळीकडे जाई. एकदा तो उडून तात्याच्या चहात पडला.

"सेक्रेटरीनु, बिस्कूट धाडल्यात काय?" तात्याने विचारलं.

"खेळणारे पुष्कळ आहेत," सेक्रेटरी गंभीरपणे म्हणाले. "चालवणारा कोणीतरी नको?"

हा तात्या आमच्यातला वयाने सगळ्यात मोठा. मूळचा कणकवलीकडचा, परळला गिरणीत साच्यावर कामाला होता. संपात गिरणी सुटली ती सुटलीच, आणि तेव्हापासून तो क्लब उघडायच्या आधीच दाराशी येऊन बसायचा. त्याच्या बोटात मात्र जादू होती. बोलता बोलता, समोर न बघता, तो राणी घ्यायचा.

सेक्रेटरींच्या शर्टाच्या खिशात कायम एक पिवळी पडलेली पुस्तिका असे. ती संघटनेची घटना. लोक खिशात गुरूचा फोटो ठेवतात, हे घटना ठेवत. कोणी काही सुचवलं की त्यांचा हात आधी खिशाकडे जाई आणि मग प्रश्न येई, "हे कुठे लिहिलंय?" वहिनी सांगायच्या, "लग्नात सप्तपदीच्या वेळी ह्यांनी भटजींना विचारलं होतं, सातच का, आणि हे लिहिलंय कुठे? भटजी इतके गडबडले की आठवं पाऊल घ्यायला लावलं."

आता ही संघटना काय, ते सांगायला हवं, कारण सेक्रेटरींचा निम्मा जीव तिच्यात होता. उपनगरातल्या कॅरम क्लबांची ती मातृसंस्था. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत त्रेपन्न क्लब तिला जोडलेले होते आणि ते सगळे सेक्रेटरींना पाढ्यासारखे पाठ होते. स्पर्धा भरवायच्या तिने, पंच नेमायचे तिने, उपनगराचा संघ निवडायचा तिने. पण तिचे पदाधिकारी निवडायचे आम्ही. दर तीन वर्षांनी निवडणूक, आणि एका क्लबाला एक मत. पार्ल्यातल्या पंखेवाल्या हॉलला एक आणि टाकीमागच्या आमच्या खोलीलाही एकच. "बाकी सगळीकडे ते मोठे असतील. मतपेटीपाशी आपण आणि ते एकाच उंचीचे," असं सेक्रेटरी म्हणायचे, आणि म्हणताना टाचा किंचित उचलायचे, कारण मुळात ते बुटके होते.

इतर क्लबांत या मताचं काय व्हायचं, ते सगळ्यांना माहीत होतं. क्लबाचा सेक्रेटरी रविवारी इस्त्रीचे कपडे घालून सभेला जायचा, उमेदवाराच्या खर्चाने श्रीखंड-पुरी खायचा, ज्याच्या पानात वाढपी जास्त वेळा आला त्याला मत द्यायचा आणि दुपारी घरी येऊन झोपायचा. क्लबातल्या पोरांना निवडणूक होती हेसुद्धा कळायचं नाही. आमच्याकडे ही सोय नव्हती. "मत क्लबाचं आहे. मी पोस्टमन. पत्र पोचवायचं, त्यात आपल्या मनाच्या दोन ओळी घालायच्या नाहीत," हे सेक्रेटरींचं तत्त्व. सभेला जाताना ते घरचा डबा नेत. पोळी आणि बटाट्याची भाजी. श्रीखंडाच्या पंगतीत बाजूला बसून हा माणूस कोरडी पोळी चावायचा आणि शेजारी बसून मी दोघांच्या वाटचं श्रीखंड खायचो. माझ्याकडे मत नव्हतं, त्यामुळे माझ्या खाण्याला त्यांचा आक्षेप नव्हता.

क्लबाचं मत ठरायचं ते सोंगट्यांनी. ही पद्धत सेक्रेटरींनी स्वतः काढलेली आणि तिचा त्यांना फार अभिमान. सभेत दोन उमेदवारांपैकी एकाला पांढरी, दुसऱ्याला काळी. प्रत्येक सभासदाला एक पांढरी आणि एक काळी सोंगटी मिळायची. पडद्याआड जायचं, हवी ती बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची, उरलेली थैलीत. पडदा म्हणजे वहिनींचं जुनं पातळ. कोणाला दोघंही नको असतील तर राणी टाकायची. पण राणी एकच, म्हणून तटस्थ एकालाच राहता येई. शिवाय कॅरममध्ये राणी घेतली की कव्हर द्यावं लागतं, तसं इथेही. राणी टाकणाऱ्याने उभं राहून कारण सांगायचं. एकदा तात्याने राणी टाकली.

"कारण?" सेक्रेटरींनी विचारलं.

"माझो पाय दुखता."

"पायाचा आणि उपाध्यक्षपदाचा काय संबंध?"

"तुमका नाय कळाचा. रातभर निजाक नाय मी, इचार कधी करतलंय?"

"कव्हर नामंजूर," सेक्रेटरी म्हणाले, आणि तात्याला लंगडत पुन्हा पातळाआड जावं लागलं.

उमेदवारांनाही सुटका नव्हती. आमचं मत हवं असेल त्याने आमच्या खोलीत येऊन, चपला बाहेर काढून, एक बोर्ड खेळायचा. बरेच उमेदवार म्हणायचे, अहो, मला खेळता येत नाही, मी प्रशासन बघतो. "मलाही येत नाही," सेक्रेटरी म्हणायचे. "बसा." खेळ बघायचाच नसे त्यांना. माणूस हरताना कसा दिसतो, ते बघायचं असे. समोर तात्याला बसवत, त्यामुळे हरण्याची खात्री होती.

या पोस्टमनगिरीपायी त्यांनी एकदा जवळचा मित्र घालवला होता. मुलुंडच्या क्लबाचा चिटणीस हा त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. तो खजिनदारपदाला उभा राहिला आणि आमच्या डब्यात त्याच्या विरुद्ध सोंगट्या पडल्या. सेक्रेटरींनी निमूट विरुद्ध मत दिलं. इथवर ठीक होतं, मतदान गुप्त असतं. पण बाहेर आल्यावर त्यांनी मित्राचा हात धरला आणि म्हणाले, "तुला मत नाही दिलं बरं का."

"अरे मग सांगतोस कशाला?" मी त्यांच्यासाठी कळवळून म्हणालो होतो, चुकून एकेरीत.

"गुप्त असतं ते परक्यांसाठी. मित्राला काय खोटं दाखवू?"

तो मित्र वर्षभर बोलला नाही. मग बोलायला लागला, कारण इतक्या सरळ माणसाशी भांडण टिकवणं हे मोठं कष्टाचं काम असतं. सेक्रेटरींना खोटं बोलता यायचंच नाही. कोणी उसनी साखर मागायला आलं आणि वहिनींनी आतून "नाही म्हणा" अशी खूण केली, तर हे म्हणायचे, "ती नाही म्हणा म्हणतेय."

असा माणूस एके वर्षी स्वतःच निवडणुकीला उभा राहिला. सरचिटणीस. संघटनेतलं खरं सत्तेचं पद.

कारण घडलं ते कांबळेमुळे. कांबळे आमचा सगळ्यात चांगला खेळाडू, चिरागनगरात राहायचा, महापालिकेत कामाला होता. त्या वर्षी त्याचं नाव उपनगराच्या संघात येणार, असं सगळे म्हणत होते. निवड चाचणीचं पत्रक आलं ते चाचणी होऊन गेल्यावर. अंधेरी-पार्ल्याच्या क्लबांना निरोप तोंडी मिळायचे, आम्हाला टपालाने. सेक्रेटरींनी निषेधाचा ठराव पाठवला, त्याला उत्तर आलं नाही. कांबळे नुसता बोर्डावर बोट फिरवत बसला. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी जाहीर केलं, "मी उभा राहतोय." मुलुंडच्या त्याच मित्राने सूचक म्हणून सही केली आणि बोरिवलीच्या एका क्लबाने अनुमोदन दिलं.

हे झालं सांगायचं कारण. पण मनातूनही त्यांना ते पद फार फार हवं होतं, आणि ते लपवणं त्यांना जमत नव्हतं. त्यांनी राखाडी सफारी शिवून घेतला. चालताना ओठ हलायला लागले. वहिनी म्हणाल्या, "झोपेत 'सन्माननीय सभासदहो' म्हणतात. मी आपली कुशीवर वळते, तर म्हणतात, बसून घ्या." आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळेची नोंद केलेल्या माणसाला एकदा स्वतःच्या नावाचा पुकारा व्हावा असं वाटलं, तर त्यात काय चुकलं? आम्ही थट्टा करायचो, पण आम्हालाही तो सफारी मंचावर बघायचा होता.

समोर उभे होते अंधेरीचे एक मंडपवाले. लग्नाचे मंडप, गणपतीचे मंडप, पांढरी फियाट, आणि माणूस अगदी लाघवी. क्लबाची रीत माहीत असल्यामुळे ते आपणहून आले, चपला काढल्या, तात्यासमोर बसले आणि एकही गुण न घेता हरले. हरून खो खो हसले. जाताना म्हणाले, "सेक्रेटरी, तुम्ही आलात काय न् मी आलो काय, कॅरम जगलं पाहिजे."

ते गेल्यावर आम्ही सेक्रेटरींच्या तोंडाकडे बघितलं. "माणूस वाईट नाही," ते म्हणाले. "हरताना हसतो. फक्त तात्याला शाबास म्हणाला नाही."

मग आमची डब्याची सभा आली. पांढरी म्हणजे सेक्रेटरी, काळी म्हणजे मंडपवाले. मी म्हटलं, यंदा डबा कशाला, हात वर करू या. सेक्रेटरी चिडले. "माझ्यासाठी पद्धत बदलू? मग ती पद्धत होती की माझी हौस होती?" आणि पोस्टमनने स्वतःला पत्र लिहू नये म्हणून त्यांनी सोंगट्या घेतल्याच नाहीत. ते बाहेर टाकीपाशी जाऊन उभे राहिले. सफारी अंगावर होता. मी दारातून बघितलं, ते एका हाताने इस्त्री सरळ करत होते.

एकेक जण पातळाआड गेला. मी पांढरी टाकली. हे सांगून पुण्य मिळवायचा इरादा नाही, मला दुसरं काही सुचलंच नाही एवढंच. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक लबाड गोडवा होता. वाढदिवसाची भेट लपवून ठेवलेल्या घरासारखा. सेक्रेटरी आत आले, डबा बोर्डावर उपडा केला आणि सवयीने सोंगट्या लावायला लागले. पांढऱ्या एका ओळीत, काळ्या दुसऱ्या ओळीत. काळ्यांची ओळ लांब झाली. दोनच सोंगट्यांनी, पण झाली. त्यांनी पुन्हा मोजल्या. मग मला मोजायला सांगितल्या.

आणि मग एकदम कल्ला झाला.

"ह्या कसा झाला?" तात्या उठलाच. "सेक्रेटरीनु, देवाशपथ सांगतंय, मी एक काळी टाकलंय. पण ती तीट म्हणान! सगळे पांढरे पडले तर दृष्ट लागतली, म्हणान एक काळो ठिपको लावलंय. माका काय म्हायत, ह्या मेल्यांनी काजळाचो डबोच उपडो केल्यानी!"

"तात्या, मी पण टाकली यार," कांबळे म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "सेक्रेटरी वर बसले आणि मग माझं नाव टीममध्ये आलं, तर लोक काय बोलणार? वशिला. मला ते नको होतं. म्हटलं, माझी एक काळी, बाकी सगळे पांढरी टाकणारच ना. ते जिंकतील आणि मी पण मोकळा."

मग बाकीचे फुटले. एक म्हणाला, तुम्ही रोज संध्याकाळी संघटनेच्या कचेरीत बसणार, मग इथे दार कोण उघडणार? दुसरा म्हणाला, मलाही तेच वाटलं, पण माझ्या एका सोंगटीने काय होतंय, म्हणून निदान मनाचं समाधान करून घेतलं. त्या खोलीत सेक्रेटरी पडावेत असं वाटणारा एकही माणूस नव्हता. प्रत्येकाने एकेक सोंगटी लाडाने बाजूला टाकली होती आणि जिंकून द्यायचं काम इतरांवर सोपवलं होतं. आपल्याकडे लग्नाच्या आहेराचं असंच होतं. दहा जण समजतात की कुकर दुसरा देईल, आणि संसार कुकरशिवाय सुरू होतो.

"परत टाकू या," मी म्हणालो.

"हो हो, परत! झालं गेलं विसरा!" सगळे ओरडले.

सेक्रेटरी काळ्या सोंगट्यांकडे बघत होते. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि पुस्तिकेला न लागता परत आला.

"पांढऱ्या जास्त पडल्या असत्या," ते हळू म्हणाले, "तर अंधेरीवाल्यासाठी परत टाकल्या असत्या का आपण?"

तात्या पुन्हा बाकड्यावर बसला.

"मग?" सेक्रेटरी म्हणाले.

"सेक्रेटरी, तुम्ही मला पाठवा प्रतिनिधी म्हणून," मी म्हणालो. "तुम्ही उमेदवार आहात, बरं दिसत नाही."

"तू तिकडे जाऊन माझ्यावर शिक्का मारशील. ओळखतो मी तुला." ते उठले. "आणि काळी मारायचीच आहे तर दुसऱ्याच्या हातून कशाला? माझी मला मारू दे." एवढं बोलून ते घरी गेले. बोर्डावरची पावडर त्या दिवशी पुसली गेली नाही. तशी ती कधीच राहिली नव्हती.

निवडणूक अंधेरीच्या एका शाळेत होती. मी आदल्या आठवड्यात त्यांच्या खूप विनवण्या केल्या. कोण बघणार आहे, म्हटलं, कागद घडी करून पेटीत जातो. त्यावर ते म्हणाले, "कोणी बघणार नाही म्हणूनच पोस्टमन लागतो, नाहीतर सगळे स्वतःच नसते का गेले?" वहिनींनी डबा दिला. सफारी घालूनच ते आले. मी मनाशी म्हणत होतो, ऐन वेळी माणूस बदलेल. बदलावा. त्यांनी मला न सांगता चूक करावी, असं मला इतकं कधीच वाटलं नव्हतं.

नाव पुकारल्यावर ते फळ्यामागे ठेवलेल्या टेबलाशी गेले. तिथे एक सही आणि एक शिक्का, एवढंच काम. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा मी तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं. ते माझ्या शेजारी बसले, रुमालाने बोटाची शाई पुसली आणि म्हणाले, "तुझं श्रीखंड संपवलंस का?" मी वाटी बाजूला सारली. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या डब्यातली पोळी खाल्ली.

मोजणी सगळ्यांसमोर झाली. अंधेरीचे मंडपवाले सत्तावीस. आमचे सेक्रेटरी सव्वीस.

मुलुंडचा मित्र टाळी द्यायला हात पुढे करून तसाच थांबला. "अरे एका मताने गेलास रे! कोणी फसवलं? तुझं स्वतःचं धरून हिशेब बरोबर सत्तावीस होता माझा!" आणि मग त्याला आमच्या क्लबाची रीत आठवली असावी, कारण तो सेक्रेटरींकडे बघतच राहिला. सेक्रेटरींनी जाऊन मंडपवाल्यांच्या गळ्यात पहिला हार घातला. हार घालायला त्यांना टाचा उचलाव्या लागल्या.

परत येताना आम्ही साकीनाक्यावरून बस घेतली. ते खिडकीशी बसले होते. मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता. असं कसं वागतो माणूस? स्वतःचं नाव समोर असताना दुसऱ्यावर शिक्का मारायचा, आणि तोही ज्यांनी चुकून सांगितलं त्यांच्या सांगण्यावरून? मी ते बोलूनही दाखवलं.

"चुकून नाही," ते म्हणाले. "त्यांना मी इथे हवा होतो. ते त्यांनी सांगितलं. फक्त त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "एका मताने, नाही का रे?" आवाज जरासा फुटला. मी मान फिरवून दुसरीकडे बघत राहिलो.

क्लबात सगळे जमले होते. दोन्ही बल्ब लागलेले, पण बोर्ड रिकामे. तात्या दारात उभा होता.

"आपटलो," सेक्रेटरी खणखणीत आवाजात म्हणाले. "सपशेल आपटलो. ते एक्केचाळीस, मी वीस."

मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

"वीसच?" तात्या म्हणाला. "म्हणजे आमच्या एका मतान काय फरक पडूक नाय?"

"काडीचा नाही. आपण सगळ्यांनी मिळून पांढऱ्या टाकल्या असत्या तरी एकवीस. चला, बोर्ड लावा. उगाच वीज जळतेय."

तात्या मटकन बाकड्यावर बसला आणि देवाचं नाव घेतलं. कांबळेने किती दिवसांनी तोंडभर हसून पावडर मागितली. सेक्रेटरींनी चमच्याने मोजून दिली. मी कोपऱ्यात बसून त्या माणसाकडे बघत राहिलो. साखरेपुरतंही खोटं न जमलेला माणूस पंचवीस जणांसमोर उभा राहून घडाघडा खोटं बोलला होता.

घडाघडा, पण कच्चं. दोन दिवसांनी कांबळेने मला गाठलं. "यार, क्लब तर त्रेपन्न आहेत ना? मग एक्केचाळीस आणि वीस, एकसष्ट मतं आली कुठून?" त्रेपन्न क्लब झोपेत म्हणून दाखवणाऱ्या माणसाने जोरात हरायच्या घाईत बेरीजच केली नव्हती. मी विषय बदलला. पण पुढच्या रविवारी मुलुंडला सामने होते आणि तिथे कांबळेने सेक्रेटरींच्या त्या मित्राला विचारलं.

संध्याकाळपर्यंत तात्याला कळलं. तो तसाच उठून सेक्रेटरींच्या घरी निघाला, पायावर डोकं ठेवतो म्हणाला. मी त्याच्या मागे धावलो. सेक्रेटरी रॉकेल आणायला गेले होते. वहिनी तांदूळ निवडत दारातच बसल्या होत्या. तात्याने सगळं सांगितलं. तीट लावायला गेलो आणि तोंड काळं केलं, म्हणाला, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

वहिनींनी सूप बाजूला ठेवलं. "मला त्याच दिवशी सांगितलं ह्यांनी. तात्या, आयुष्यात एकदाच खोटं बोललेत हो. तेही कसं, बघा ना, आठ मतं पदरची घातली. तुम्ही आता जाऊन माफी मागाल, म्हणजे ते एवढं बोलले ते सगळं फुकट जाणार. असं नका करू त्यांना."

तात्याने बाहीने डोळे पुसले. तेवढ्यात रॉकेलचा डबा घेऊन सेक्रेटरी जिना चढून आले. आम्हाला बघून दचकले.

"काय तात्या? काय काम काढलंत?"

"काम काय नाय," तात्या म्हणाला. "सहज इलंय. वहिनींचो चाय पिऊक."

सेक्रेटरींनी डबा खाली ठेवला. त्यांचा चेहरा एकदम खुलला. "अरे वा. बसा, बसा," ते म्हणाले. "नाहीतर माझ्याकडे कामाशिवाय येतं कोण?"